यंत्राने 'संशयित' म्हटलं, आता आईने काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातल्या टीबी शिबिरात तुमच्या ६२ वर्षांच्या आईचा एक्स-रे हातात धरायच्या छोट्या मशीनवर काढला. मिनिटभरात एक्स-रे वाचणाऱ्या एआय प्रोग्रामचं उत्तर टॅबलेटच्या पडद्यावर 'टीबी संशयित' असं आलं आणि उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला लाल-पिवळा रंग उमटला. तिथे डॉक्टर नव्हते. आशाताईंनी बेडक्यासाठी डबी दिली. आईने २००८ साली टीबीच्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला होता. आता आई म्हणते, 'मशीन कशाला खोटं बोलेल', आणि दोन दिवस नीट जेवलेली नाही. तुमचा भाऊ म्हणतो, एआयच्या सांगण्यावरून काही करायचं नाही, डबी परत देऊन टाका. त्याच भावाने एक्स-रेचा फोटो मोबाइलवरच्या चॅटजीपीटीला दाखवला आणि 'काळजीचं कारण दिसत नाही' असं उत्तर घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. विश्वास नेमका कोणावर ठेवायचा आणि बाकीचे रुग्ण याकडे कसं बघतात, असं तुम्ही विचारलं आहे.

मी छातीविकारांचा डॉक्टर आहे. जिल्ह्याच्या गावी तेवीस वर्षं ओपीडी चालवतो. यंत्राने वाचलेले एक्स-रे गेली काही वर्षं माझ्या टेबलावर रोज येतात, आणि त्यांच्यामागून तुमच्या आईसारखी माणसंही येतात.

आधी कामाचं सांगतो. डबी परत देऊ नका, बेडका द्या. आईला जेवायला लावा. 'संशयित' म्हणजे टीबी झाला असं नाही, आणि आईच्या बाबतीत तर यंत्र असं म्हणण्याची शक्यता बरीच होती.

त्याचं कारण सांगतो. टीबी बरा झाला तरी फुप्फुसावर बऱ्याचदा व्रण राहतो. विळीवर कापलेलं बोट बरं होतं, पण खूण राहते ना, तसंच. तो भाग आक्रसतो, तिथे पांढऱ्या रेघा राहतात, कधी चुन्याचे ठिपके धरतात. एक्स-रेवर हे सगळं पांढरंच दिसतं. शिबिरातल्या यंत्राला आईचं २००८ साल माहीत नव्हतं, त्याच्यासमोर फक्त आजचं चित्र होतं. ढाक्यात २३,९५४ लोकांचे एक्स-रे घेऊन असे पाच प्रोग्राम तपासले गेले. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचही प्रोग्राम तिथल्या रेडिओलॉजिस्टपेक्षा, म्हणजे एक्स-रे वाचणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांपेक्षा, सरस ठरले. पण वयस्कर लोकांमध्ये आणि आधी टीबी होऊन गेलेल्यांमध्ये पाचांचीही कामगिरी घसरली. तुमच्या आईला या दोन्ही गोष्टी लागू होतात.

मग अशा यंत्राचा उपयोग काय, असं भाऊ विचारेल. ते चाळणी आहे. पीठ चाळताना चाळणीवर जे राहतं ते सगळंच फेकायचं नसतं, बोटांनी चाचपून बघायचं असतं. शिबिरात दिवसभरात शेकडो लोक येतात आणि सगळ्यांचा बेडका तपासणं शक्य नसतं. नुसती लक्षणं विचारून भागत नाही म्हणून एक्स-रे लागतो. २०१९ ते २०२१ या काळात देशभर टीबीचं मोठं सर्वेक्षण झालं. त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के फक्त एक्स-रेमुळे हाती लागले. खोकला आहे का, ताप आहे का, एवढंच विचारलं असतं तर ते निसटले असते. आणि प्रत्येक शिबिरात एक्स-रे वाचायला डॉक्टर कुठून आणणार? म्हणूनच २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षं आणि त्याहून मोठ्या वयाच्या लोकांसाठी, टीबीच्या चाळणीपुरतं, माणसाच्या जागी संगणकाने एक्स-रे वाचलेला चालेल असं सांगितलं. लहान मुलांसाठी नाही. आणि निदानाचा शिक्का बेडक्याच्या तपासणीवरच, यंत्राच्या रंगावर नाही.

चाळणीची भोकं किती बारीक ठेवायची हे माणूस ठरवतो, हेही लोकांना कुणी सांगत नाही. यंत्र 'आहे' किंवा 'नाही' असं म्हणत नाही, ते एक आकडा देतं. त्या आकड्याच्या कुठल्या पायरीवर 'संशयित' लिहायचं, हे कार्यक्रम चालवणारे ठरवतात. पायरी खाली आणली की रुग्ण निसटत नाहीत, पण निरोगी माणसं जास्त अडकतात. वर नेली की उलट. पायरी खाली असेल तर तुमच्या आईसारख्या पुष्कळ आया दोन दिवस उपाशी राहतात. त्यांना त्या क्षणी कुणीतरी हे समजावून सांगायला हवं होतं. शिबिरात जे चुकलं ते इथे चुकलं.

माझ्या टेबलावरचं एक उदाहरण सांगतो. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती, कॉलेजात शिकणारी. यंत्राचा आकडा खूप वर, डाव्या फुप्फुसाच्या टोकाला गडद लाल रंग. टीबीची नेहमीची जागा. सोबत आलेले वडील कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे होते. मी रंग काढून टाकला आणि मूळ चित्र मोठं करून पाहिलं. त्या पांढऱ्या पट्ट्याच्या कडा फुप्फुसाच्या बाहेर, मानेपर्यंत गेल्या होत्या, आणि आत एकाआड एक तिरप्या रेघा होत्या. ती वेणी होती. तेल लावून घट्ट घातलेली, खांद्यावरून पुढे आलेली वेणी. आमचा जुना टेक्निशियन एक्स-रे काढायच्या आधी प्रत्येक बाईला 'ताई, केस वर बांधा, गळ्यातलं काढा' असं न चुकता सांगायचा. त्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. केस वर बांधून पुन्हा एक्स-रे काढला, फुप्फुस स्वच्छ होतं. वडिलांनी तिथेच खाली बसून पाणी मागितलं.

आता याच्या उलटही सांगायला हवं, नाहीतर मी तुमच्या भावाच्या बाजूने बोलतोय असं वाटेल. एका रिक्षावाल्याचा एक्स-रे मी 'नॉर्मल' म्हणून बाजूला ठेवला होता. यंत्राने हासळीच्या हाडामागे बोराएवढी गाठ दाखवली. पुन्हा पाहिलं तेव्हा मलाही दिसली. हाडाच्या सावलीत लपलेली गाठ सकाळचा साठावा पेशंट तपासताना डोळ्याला चकवते. त्या माणसाचं निदान वेळेत झालं आणि त्याचं श्रेय यंत्राला आहे. तेव्हापासून मी अशी सवय लावून घेतली आहे की आधी स्वतः पाहायचं, मनातलं निदान कागदावर लिहायचं आणि मगच यंत्राचा रंग उघडायचा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, लोक याकडे कसं बघतात.

परदेशातल्या पाहण्या बघितल्या तर सूर नाराजीचा दिसतो. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटर या लोकमत पाहणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये ११,००४ प्रौढांना विचारलं. आपला डॉक्टर निदान आणि उपचारांसाठी एआयवर अवलंबून असेल तर अस्वस्थ वाटेल, असं ६० टक्के लोक म्हणाले. डॉक्टर आणि रुग्णाचं नातं याने बिघडेल असं ५७ टक्क्यांना वाटलं. पण त्याच लोकांना त्वचेच्या कर्करोगाच्या तपासणीचं विचारलं तेव्हा ६५ टक्के म्हणाले, हो, माझ्यासाठी वापरा. मानसिक आधारासाठी चॅटबॉट चालेल का, तर ७९ टक्के नको म्हणाले. म्हणजे लोक सरसकट विरोधात नाहीत. डाग बघायला यंत्र चालतं, दुःख ऐकायला माणूस लागतो.

आपल्याकडचं चित्र मला वेगळं दिसतं, आणि हे मी आकड्यांवरून नाही, ओपीडीवरून सांगतोय. आपल्याकडे 'कॉम्प्युटर' या शब्दाचा दरारा जुना आहे. 'संगणकीकृत नेत्रतपासणी' अशी पाटी लागली की चष्म्याच्या दुकानात गर्दी वाढायची. जत्रेत आणि प्रदर्शनात हातात दांडी धरायला देऊन 'संपूर्ण शरीराची कॉम्प्युटर तपासणी' करणारे आजही भेटतात. छापलेला दहा पानी रिपोर्ट मिळतो, त्यात लिव्हरपासून हाडांपर्यंत सगळं बिघडलेलं असतं आणि औषध त्यांच्याचकडे असतं. असे रिपोर्ट लोक माझ्याकडे जपून, प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून आणतात. त्या दांडीला काही अर्थ नाही हे सांगितलं की त्यांना माझाच राग येतो.

पण हीच माणसं बीपी बघताना म्हणतात, 'डॉक्टर, त्या आकड्यांच्या मशीनवर नको, पाऱ्याच्या मशीनवर बघा.' का? पाऱ्याच्या मशीनला डॉक्टरचा कान लागतो. डॉक्टर दंडाला पट्टा बांधतो, स्टेथोस्कोप लावतो, क्षणभर गप्प होतो. त्या गप्प होण्यावर लोकांचा विश्वास आहे. आपण 'डॉक्टरच्या हाताला गुण आहे' असं म्हणतो. त्याला अंधश्रद्धा म्हणून मी कधी हसलो नाही. या माणसाने मला हात लावला, माझं ऐकलं आणि उद्या काही झालं तर याच्याच दारात मला जाता येईल, हे सगळं त्या वाक्यात असतं.

आकड्यांना एकटं सोडलं की काय होतं हे आपण करोनात पाहिलं आहे. 'एचआरसीटी स्कोअर किती?' म्हणजे सीटी स्कॅनवर फुप्फुस किती बाधित दिसतं, हा प्रश्न २०२१च्या एप्रिलमध्ये घराघरात होता. २५ पैकी ९ आला की सुस्कारा, १५ आला की रडारड. तापाचा कितवा दिवस आहे, ऑक्सिजन किती, चालल्यावर दम लागतो का, हे कुणी विचारेना. स्कोअर जास्त पण ऑक्सिजन ९७ असलेली माणसं रेमडेसिविरसाठी रात्रभर रांगेत उभी राहिलेली मी पाहिली आहेत, आणि स्कोअर कमी म्हणून घरी थांबलेल्यांना ८२ ऑक्सिजनवर आणलेलंही पाहिलं आहे. तो एआयचा आकडा नव्हता, रेडिओलॉजिस्टने दिलेला होता. पण समजावणाऱ्या माणसापासून तुटला की कुठलाही आकडा असाच वागतो. तुमच्या आईच्या हातात टॅबलेटवरचं 'संशयित' तसंच पडलं.

एक वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकतो: 'माझं जरा वेगळं आहे, डॉक्टर.' मला साखर आहे, मला थंड सोसत नाही, मला मागे असंच झालं होतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी लोक वैद्यकीय एआयला का नाकारतात याचा अभ्यास केला. मुख्य कारण हेच निघालं: माझं वेगळेपण यंत्र लक्षात घेणार नाही, अशी भीती. ही भीती निराधार नाही, आणि आईचं २००८ साल यंत्राला न कळणं हा तिचा पुरावा आहे. करोनात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरचंच घ्या. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात धोकादायक कमी असल्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के. ते यंत्र साधं आहे, त्यात एआय नाही. पण एखादं यंत्र कुणाच्या शरीरावर पारखून तयार केलं आणि कुणाच्या शरीरावर वापरलं, हा प्रश्न एआयलाही जसाच्या तसा लागू होतो. म्हणून कुणी 'हे आपल्या लोकांवर तपासलंय का?' असं विचारलं तर मला बरं वाटतं.

आणि कधीकधी लोकांची काळजी आपण समजतो त्याहून अगदी वेगळी असते. डायबेटिसमुळे डोळ्याच्या पडद्याला झालेली इजा ओळखणारा गुगलचा प्रोग्राम थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत वापरून पाहिला गेला. प्रयोगशाळेत तो उत्तम होता. प्रत्यक्षात पाचातला एक फोटो यंत्राने 'वाचता येत नाही' म्हणून नाकारला, कारण खोलीत पुरेसा अंधार नव्हता. फोटो नाकारला की रुग्णाला दूरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचं असा नियम होता. तिथल्या नर्सनी संशोधकांना सांगितलं की रुग्णांना अचूकतेचं फारसं पडलेलं नसतं, माझा दिवस फुकट जाईल का, हे त्यांना हवं असतं. हे वाचताना मला आमची ओपीडी आठवली. तपासणी चुकीची येईल याची धास्ती रोजंदारीवरच्या माणसाला असतेच, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीने यावं लागेल याची त्याहून जास्त असते.

आता तुमच्या भावाबद्दल. त्याच्यावर मी रागावलेलो नाही, पण त्याचं उदाहरण फार बोलकं आहे. ज्या प्रकारच्या यंत्राची हजारो लोकांवर पारख झाली, ज्याच्या उत्तरानंतर बेडक्याची पक्की तपासणी ठरलेली आहे, त्याला तो घाबरला. आणि छातीचा एक्स-रे वाचण्यासाठी कुणी प्रमाणित न केलेल्या, विचारण्याची ढब बदलली की उत्तरही बदलू शकणाऱ्या गप्पांच्या ॲपवर त्याने आईची काळजी सोडून दिली. मी हे रोज बघतो. भीती जिथे कमी हवी तिथे जास्त आहे, आणि जिथे हवी तिथे अजिबात नाही.

याचं कारणही मला समजतं. मोबाइल रागावत नाही, घाई करत नाही, रात्री बारा वाजताही उत्तर देतो. २०२३ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवर लोकांनी विचारलेले १९५ आरोग्यप्रश्न घेऊन डॉक्टरांची आणि चॅटबॉटची उत्तरं शेजारी ठेवली गेली. कुठलं कुणाचं हे माहीत नसलेल्या वैद्यकीय परीक्षकांनी ७८.६ टक्के वेळा चॅटबॉटचं उत्तर जास्त पसंत केलं, त्यात आपुलकीही जास्त दिसली असं म्हटलं. आम्हा डॉक्टरांनी हे मनावर घ्यायला हवं. सकाळी ऐंशी पेशंट असतात हे खरं, पण समोरच्याला ते सांगून काय उपयोग?

तरीही मोबाइलची अडचण कुठे आहे ते एका पेशंटवरून सांगतो. नव्याने लग्न झालेली मुलगी, टीबीच्या गोळ्या सुरू होऊन चार दिवस झालेले. लघवी लालसर-नारिंगी व्हायला लागली. रिफाम्पिसिन या औषधाने ती होतेच, त्यात काही धोका नसतो. मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, गडबडीत राहून गेलं. तिने रात्री मोबाइलवर विचारलं, 'लघवी लाल का होते?' टीबीच्या गोळ्यांचा उल्लेख केला नाही, कारण फोन घरातला होता, नवरा-सासू सगळे वापरायचे, आणि त्यात 'टीबी' हा शब्द तिला उमटू द्यायचा नव्हता. उत्तर आलं: जंतुसंसर्ग, मूतखडा, रक्त, भरपूर पाणी प्या, डॉक्टरांना दाखवा. विचारलेल्या प्रश्नाला ते उत्तर चुकीचं नव्हतं. पण तिने त्याचा अर्थ लावला की गोळ्या गरम पडल्या आणि रक्त जातंय. तिने सतरा दिवस गोळ्या बंद ठेवल्या. टीबीत सतरा दिवस ही लहान गोष्ट नाही. माझ्यासमोर बसून तिने हेच वाक्य म्हटलं असतं, तर माझा पहिला प्रश्न असता, 'कुठल्या गोळ्या चालू आहेत?' आणि ती लाजून खाली बघते आहे हे मला दिसलं असतं.

तसंच 'कसंतरी होतंय' या दोन शब्दांचं. याचं भाषांतर होत नाही. सत्तरीची, साखर असलेली बाई पदराने घाम पुसत 'काही नाही हो, कसंतरी होतंय' म्हणाली की मी हातातलं काम टाकून आधी ईसीजी काढायला सांगतो. तेच शब्द परीक्षेच्या आदल्या दिवशी सोळा वर्षांच्या मुलाने म्हटले तर मी त्याला पाणी देऊन बसवतो. शब्द तेच असतात, पण बाकी सगळं शब्दांच्या बाहेर असतं. मोबाइलला शब्दच मिळतात.

म्हणून माझ्या पेशंटना मी मोबाइल वापरू नका असं सांगत नाही. सांगूनही ते ऐकणार नाहीत. मी सांगतो, रिपोर्टमधला शब्द कळला नाही तर विचारा, डॉक्टरांना काय प्रश्न विचारायचे याची यादी करून घ्या, पण त्याच्या सांगण्यावरून चालू गोळी थांबवू नका आणि नवी सुरू करू नका. आणि नाव, फोन नंबर, आधार दिसत असलेला रिपोर्ट तसाच्या तसा त्यात टाकू नका. तुमच्या भावाने टाकलेल्या फोटोवर आईचं नाव होतं का, ते एकदा बघा.

जबाबदारी कोणाची, हा प्रश्न लोक वेगवेगळ्या शब्दांत विचारतात आणि तो सगळ्यात रास्त आहे. आपल्याकडे २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून दुरून उपचार करण्याचे, नियम आले, त्यात हे स्वच्छ लिहिलं आहे: एआयवर चालणाऱ्या यंत्रणेने रुग्णाला सल्ला देऊ नये, औषध लिहून देऊ नये, ती नोंदणीकृत डॉक्टरला मदत करू शकते. सल्ला आणि औषध डॉक्टरचंच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यसेवेतल्या एआयसाठी नैतिक सूचना काढल्या, त्यातही निर्णयावर माणसाची देखरेख आणि रुग्णाची माहितीपूर्ण संमती यांवर भर आहे. कागदावर हे आहे. शिबिरात उभ्या असलेल्या बाईला मात्र 'हे वाचन यंत्राचं आहे, पक्कं बेडक्यावर ठरेल, आणि अमुक डॉक्टरांना तुम्ही भेटू शकता' ही तीन वाक्यं मराठीत ऐकू यायला हवीत. तेवढ्याने निम्मी भीती जाते, हे मी माझ्या ओपीडीत करून पाहिलं आहे.

मला स्वतःला वाटणारी काळजी वेगळी आहे आणि ती आम्हा डॉक्टरांबद्दलची आहे. देखरेख ठेवणारा माणूसच यंत्राच्या मागे गेला तर? २०२३ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी २७ रेडिओलॉजिस्टना स्तनांचे एक्स-रे वाचायला दिले आणि यंत्राचा म्हणून मुद्दाम चुकीचा अभिप्राय सोबत ठेवला. नवख्या डॉक्टरांची अचूकता ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. अनुभवींची ८२वरून ४५वर. पोलंडमध्ये २०२५ साली दिसलं की मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत एआयची सवय झालेल्या डॉक्टरांना, एआय नसताना गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर घसरलं. डोळा वापरला नाही तर बोथट होतो. दुसरीकडे स्वीडनमध्ये ८०,००० स्त्रियांच्या स्तन तपासणीत यंत्र आणि रेडिओलॉजिस्ट अशी जोडी लावली, तेव्हा वाचनाचं काम ४४ टक्के कमी झालं आणि कर्करोग सापडण्यात कुठेही घट झाली नाही. तिथे शेवटी प्रत्येक चित्र माणसाने पाहिलं होतं. मी शिकाऊ डॉक्टरांना आधी निदान लिहायला लावतो ते याचसाठी. त्यांना ते जाचक वाटतं, पण मी सोडत नाही.

आता आईचं बघू. दोन डब्या लागतील. एक दवाखान्यात तिथल्या तिथे, दुसरी सकाळी उठल्याउठल्या, काही खाण्याआधी. आधी साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खाकरून काढायचा. लाळ नको, बेडका हवा. डबीत लाळ गेली की तपासणी वाया जाते, आणि घरोघरी हीच चूक होते. मोकळ्या हवेत, अंगणात किंवा गच्चीवर काढा, घरात नाही. डबी त्याच दिवशी पोहोचवा. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या बेडक्यातले टीबीचे जंतू शोधणाऱ्या मशीनवर काही तासांत उत्तर येतं. ट्रूनॅट गोव्यातल्या कंपनीने बनवलेलं आहे आणि आता तालुक्याच्या ठिकाणीही असतं. निगेटिव्ह आलं तरी तिथेच थांबू नका, एकदा डॉक्टरला दाखवा. पॉझिटिव्ह आलं तर औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि आजार बरा होतो, हे आईला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, ती एकदा त्यातून गेली आहे.

आणि एक काम आजच करा. २००८ सालचा एक्स-रे शोधा. बायका असल्या प्लेट टाकून देत नाहीत. कपाटात साड्यांच्या खाली, नाहीतर गादीखाली पिवळ्या पाकिटात असेल. ती प्लेट आणि आजचा एक्स-रे डॉक्टरसमोर उजेडावर शेजारी शेजारी धरले, आणि २००८ सालचा तो डाग आजही तितकाच, त्याच जागी असेल, तर आईला काय वाटतंय ते तिच्या चेहऱ्यावर तुम्हाला तिथेच दिसेल. भावालाही सोबत न्या. प्लेट त्याच्या हातात द्या आणि त्यालाच धरू द्या.